मेंढा निवडताना काय पाहायचं? निरोगी मेंढरांच्या पैदाशीबद्दल सोप्या भाषेत

मेंढी एका वेताला एक कोकरू देते, क्वचित दोन. मेंढा मात्र एका हंगामात तीस-चाळीस मेंढ्या फळवतो. पुढच्या खेपेला खांडात जेवढी कोकरं उड्या मारतील, त्या सगळ्यांत निम्मा अंश त्या एका जनावराचा असतो. त्यातल्या माद्या ठेवल्या की तोच अंश पुढची अनेक वर्षं वाड्यात राहतो. औषध चुकलं तर महिनाभर त्रास होतो, मेंढा चुकला तर नातवंडांपर्यंत भोगावं लागतं. तरीही मेंढरांच्या आरोग्याचा विषय निघाला की आपण लसी, जंताची औषधं, चारा आणि पाणी यांवरच बोलतो, आणि मेंढ्याचा विषय निघाला की उंची, वजन, रंग आणि नाकाचा बाक यांच्यापुढे जात नाही. या दोन विषयांची गाठ घालता येते का? मुळातच कमी आजारी पडणारी, कमी हाल सोसणारी मेंढरं पैदा करता येतात का?

येतात. जगात अनेक ठिकाणी झाली आहेत, आणि त्यातलं एक ठिकाण आपलं फलटण आहे. पण हे काम हळू चालतं, नोंदींवर चालतं, आणि त्यात फसगतीच्या जागाही बऱ्याच आहेत. त्या जागांसकट हा विषय समजून घेऊ.

रक्तातून किती येतं?

एकाच रानात चरणारी, एकाच वाघुरीत बसणारी शंभर मेंढरं घ्या. कुणी धष्टपुष्ट असतं, कुणी सारखं खंगलेलं. या फरकातला काही भाग चाऱ्याचा, काही वयाचा, काही नुसत्या योगायोगाचा असतो. उरलेला आईबापांकडून आलेला असतो. त्या उरलेल्या भागाला अनुवंशिकता म्हणतात आणि ती ० ते १ या मापात सांगतात. लोकरीच्या वजनात ती बरीच असते, ०.३ ते ०.४ किंवा त्याहूनही जास्त. जंतांचा प्रतिकार करण्याच्या ताकदीत साधारण ०.२ ते ०.३. कोकरू जगणं-मरणं यात मात्र ती फारच कमी, ०.१ च्याही खाली, कारण कोकरू जगतं की नाही हे त्या रात्रीची थंडी, आईचं दूध आणि राखणदाराची नजर यांवर जास्त ठरतं.

आकड्यांत पाहिलं की नेमकं कळतं. समजा एका खांडात दर ग्रॅम लेंडीमागे जंतांची सरासरी १,००० अंडी सापडतात. आपण निवडलेल्या मेंढ्यात ४०० सापडली. तो सरासरीपेक्षा ६०० ने बरा आहे. अनुवंशिकता ०.२५ धरली तर या ६०० मधला रक्तातला वाटा १५०, आणि कोकराला बापाकडून निम्मंच मिळतं, म्हणून ७५. एका पिढीत, एका मेंढ्यामुळे, १,००० वरून ९२५. एवढ्यासाठी एवढा खटाटोप, असं कुणालाही वाटेल. पण औषधाचा परिणाम काही आठवड्यांत ओसरतो आणि हा ७५ चा फरक ओसरत नाही. पुढच्या मेंढ्याचा फरक त्याच्यावर चढतो, त्याच्या पुढच्याचा त्यावर. मेंढरांची पिढी दोन-तीन वर्षांत बदलते, त्यामुळे एका माणसाच्या कामाच्या उमेदीत खांडाचा चेहरामोहरा बदलू शकतो.

रक्त पिणारा जंत

मेंढरांच्या पोटात जंतांच्या अनेक जाती असतात, पण पावसाळी हंगामात आपल्याकडे सगळ्यात जास्त जीव घेणारा म्हणजे हिमॉन्कस. हा चौथ्या पोटात, म्हणजे खऱ्या जठरात राहतो. मादी दोन-तीन सेंटिमीटर लांब, आणि तिच्या अंगावर लाल-पांढरा पीळ दिसतो. लाल म्हणजे पिलेलं रक्त, पांढरी तिची अंडाशयं. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त गिळतो. हजार जंत झाले की दिवसाला ५० मिलिलिटर. पंचवीस किलोच्या मेंढीच्या अंगात जेमतेम दीड-दोन लिटर रक्त असतं. मग डोळ्याच्या पापणीची आतली बाजू पांढरी पडते, जबड्याखाली पाणी साचून पिशवी लोंबते आणि एक दिवस ती चालता चालता बसते ती उठतच नाही. एक मादी जंत दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. ती लेंडीवाटे बाहेर पडतात, ओलीत फुटतात, अळ्या गवताच्या पात्यावर चढतात आणि पुढच्या मेंढीच्या तोंडात जातात.

यावर औषधं आहेत, पण तीच ती औषधं वारंवार पाजल्यामुळे जगभर जंत त्यांना दाद देईनासे झाले आहेत. अल्बेंडाझोल, लेव्हामिसोल, आयव्हरमेक्टिन, कुठलंही नाव घ्या, कुठे ना कुठे ते निकामी झालेलं आहे. मरायचे ते जंत मरतात, तग धरणारे उरतात आणि तेच पुढे वाढतात. पैदास आपण करत नसलो तरी जंतांची पैदास आपण करतच असतो.

इथे एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. खांडातले जंत सगळ्या मेंढरांत सारखे वाटलेले नसतात. थोड्या मेंढ्यांत बहुतेक जंत असतात आणि बाकीच्यांत थोडे. म्हणजे काही मेंढ्यांचं शरीर जंतांना बस्तानच बसू देत नाही. ही ताकद कुणात आहे ते नुसतं पाहून ओळखता येत नाही. त्यासाठी लेंडी तपासावी लागते.

तपासणीत अवघड काही नाही. हातमोजा घालून मेंढीच्या गुदद्वारातूनच ताज्या लेंड्या काढतात. जमिनीवरच्या उचललेल्या चालत नाहीत, कारण कुणाच्या ते कळत नाही आणि मातीतले जंतही त्यात येतात. मोजून घेतलेल्या लेंड्या मिठाच्या दाट द्रावणात कुस्करून गाळतात. अंडी हलकी असल्यामुळे वर तरंगतात. ते पाणी आखीव रेघा असलेल्या काचेच्या खणात भरून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं आणि रेघांच्या आतली अंडी मोजायची. आलेल्या आकड्याला ठरलेल्या संख्येनं गुणलं की एका ग्रॅममागे किती ते कळतं. एक अट मात्र पाळावी लागते. तपासणीआधीचे काही आठवडे त्या मेंढ्यांना जंताचं औषध पाजायचं नाही, नाहीतर सगळ्यांचेच आकडे शून्याजवळ येतात आणि निवडायला काही उरत नाही. ही अट ऐकायला सोपी, पाळायला जड आहे, कारण त्या काळात जनावर खालावू शकतं. म्हणून दर काही दिवसांनी डोळे तपासत राहावं लागतं आणि फिकट पडलेल्याला लगेच औषध द्यावं लागतं. चाचणीपायी जनावर मरू देणं हा पैदासकाराचा हक्क नाही.

डोळे तपासण्याची पद्धत दक्षिण आफ्रिकेतून आली. खालची पापणी अलगद ओढून आतल्या रंगाची तुलना पाच रंगांच्या तक्त्याशी करतात, लालबुंद असेल तर १ आणि पांढरीफटक असेल तर ५. लालवाल्यांना औषध नाही, फिकट पडलेल्यांना द्यायचं. यानं औषध वाचतं, जंतांमधली सहनशक्ती सावकाश वाढते, आणि नोंद ठेवली तर दरवर्षी कुठल्या मेंढीला औषध लागतं तेही कळतं. अशा मेंढीच्या पोटचा मेंढा पैदाशीला ठेवू नये.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ही निवड कित्येक दशकं चालू आहे आणि तिथे मेंढा विकताना त्याच्या जंतप्रतिकाराचा आकडा सांगतात. तिथल्या अनुभवातून एक नाजूक गोष्टही समोर आली. कमी अंडी टाकणाऱ्या काही मेंढ्यांना उलट जास्त हगवण लागते. जंतांच्या अळ्या आत आल्या की या मेंढ्यांचं शरीर इतकं जोरात प्रतिकार करतं की आतड्यालाच सूज येते. जंत कमी, पण ढुंगण घाण, आणि घाणीवर माशी. म्हणून नुसता अंड्यांचा आकडा पाहून भागत नाही, हगवणीची नोंद वेगळी ठेवावी लागते. या विषयात असं वारंवार होतं. एक गुण हातात धरला की त्याच्यामागून दुसरं काहीतरी ओढलं जातं.

वळ्यावळ्यांची मेरिनो

हे ओढलं जाणं किती महागात पडू शकतं, हे मेरिनो या बारीक लोकरीच्या विलायती मेंढीत दिसतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ऑस्ट्रेलियातल्या पैदासकारांनी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातून मेरिनो मेंढे आणले. त्यांच्या कातडीला मानेपासून शेपटीपर्यंत वळ्याच वळ्या होत्या. हिशोब साधा होता. कातडी जास्त, म्हणून लोकर जास्त. काही दशकं हे रक्त देशभर पसरलं. त्या वळ्यांत, विशेषतः शेपटीखालच्या वळ्यांत, लघवी आणि हगवण साचून लोकर ओली राहू लागली. ल्युसिलिया नावाची हिरवट माशी तिथे अंडी घालते. एका दिवसात अळ्या बाहेर पडतात आणि जिवंत मेंढीचं मांस खाऊ लागतात. वेळेवर सापडली नाही तर मेंढी काही दिवसांत मरते, आणि तोवरचे तिचे हाल वर्णन करण्याजोगे नाहीत.

यावर तोडगा निघाला तोही तसाच होता. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या म्यूल्स नावाच्या मेंढपाळानं १९२९-३० च्या सुमारास ढुंगणाच्या बाजूची कातडी कापून काढण्याची पद्धत सुचवली. जखम भरली की तिथे ताणलेली, बिनलोकरीची कातडी राहते आणि माशीला जागा मिळत नाही. माशी खरंच कमी लागते, त्यामुळे ही पद्धत टिकली. पण कोकरांच्या अंगावरची ती पट्टी कित्येक दशकं बधिर न करता कापली गेली. न्यूझीलंडनं २०१८ मध्ये यावर बंदी घातली. ऑस्ट्रेलियात ती अजून पूर्ण थांबलेली नाही, मात्र वेदनाशामक वापरण्याचं प्रमाण वाढलं आहे आणि म्यूल्सिंग न केलेल्या मेंढ्यांची लोकर मागणारे खरेदीदारही आहेत.

कातडी कापण्यापेक्षा वळ्याच नसलेली मेंढी पैदा करणं हा यावरचा खरा उपाय. मेंढ्याच्या ढुंगणावरच्या वळ्यांना १ ते ५ असे गुण देतात. तिथली लोकर किती खालपर्यंत येते आणि हगवणीनं किती माखते, यालाही वेगळे गुण. हे तिन्ही बऱ्यापैकी रक्तातून येतात, त्यामुळे गुळगुळीत कातडीचे मेंढे सातत्यानं वापरले की काही पिढ्यांत फरक दिसतो. अनेक कळपांनी अशा रीतीनं कापाकापी कायमची सोडली आहे. लोकरीचं वजन यात थोडं कमी होऊ शकतं. ते वजन ज्या हालांवर उभं होतं ते पाहता हा तोटा सोसावा असं मला ठामपणे वाटतं.

या बाबतीत आपली दख्खनी मेंढी निसर्गतःच सुखात आहे. तिची शेपूट आखूड, लोकर विरळ आणि राठ. ढुंगणाला घाण चिकटून राहायला जागाच नाही, म्हणून शेपूट कापण्याचीही गरज पडत नाही, जी लांब शेपटीच्या विलायती जातींत सर्रास कापतात. दुष्काळी माळावर दिवसभर चालणं, काटेरी झुडपांवर भागवणं, उन्हात तग धरणं हे तिचे गुण कुणा पैदासकारानं प्रयोगशाळेत घडवलेले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या जी जगली तिचीच वंशवेल वाढली. देशी मेंढीत बारीक लोकरीसाठी विलायती रक्त मिसळण्याचे सरकारी प्रयोग आपल्या देशात बरेच झाले, आणि आपल्या रानात त्यांचा टिकाव का लागणं कठीण होतं हे यावरून समजतं.

सुंदरबनातून फलटणला

दख्खनी मेंढीची एक अडचण मात्र खरी आहे. ती जवळजवळ नेहमी एकच कोकरू देते. लोकरीला भाव राहिला नाही. घोंगडीपुरती लागते तेवढीच. आज मेंढपाळाचं पोट कोकरांच्या विक्रीवर चालतं आणि चराऊ रान दर वर्षी आकसतं आहे. मेंढ्यांची संख्या वाढवायला जागा नाही, मग आहे त्या मेंढ्यांकडून थोडी जास्त कोकरं मिळाली तर?

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं, म्हणजे 'नारी'नं, हा प्रश्न १९९० च्या दशकात हाती घेतला. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये ही संस्था सुरू केली होती, आणि मेंढ्यांचं काम त्यांची कन्या डॉ. चंदा निंबकर यांच्या नेतृत्वाखाली उभं राहिलं. त्यांनी पश्चिम बंगालच्या सुंदरबनातून गरोल जातीच्या मेंढ्या आणल्या. दलदलीत चरणारी ही मेंढी इतकी लहान की मोठी झाली तरी दहा ते पंधरा किलोंची, दख्खनीच्या निम्मी. पण ती सहज जुळी देते, कधी तिळीही.

याच्याशी जोडलेला इतिहासही रंजक आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या बुरूला नावाच्या शेतावर मेरिनोंचा एक कळप होता, त्यातल्या मेंढ्या एका वेताला तीन-चार कोकरं देत. १७९२-९३ मध्ये कलकत्त्याहून ऑस्ट्रेलियात बंगाली मेंढ्या जहाजानं गेल्याच्या नोंदी आहेत. बुरूला मेंढीचा हा गुण त्या बंगाली मेंढ्यांतून आला असावा, असं अभ्यासकांचं मत आहे. २००१ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या संशोधकांनी या गुणामागचा जनुकीय बदल शोधून काढला, आणि गरोलमध्येही नेमका तोच बदल सापडला. त्याला 'फेकबी' म्हणतात.

त्याचं काम असं चालतं. मेंढीच्या अंडाशयात एका वेळी अनेक बीजपुटिका वाढायला लागतात, पण शरीराचे संकेत त्यातली बहुधा एकच पुरती पिकू देतात, बाकीच्या सुकतात. फेकबीमुळे हे संकेत झेलणाऱ्या एका प्रथिनात एका जागी छोटासा बदल होतो. पुटिका लहान असतानाच पिकतात, आणि एकाऐवजी दोन किंवा अधिक बीजं सुटतात. प्रत्येक जनावराकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. बदललेली एक प्रत असेल तर बीजं वाढतात, दोन्ही बदललेल्या असतील तर आणखी वाढतात.

आता पैदाशीचं गणित. गरोलशी नुसता संकर केला तर जुळी येतील, पण मेंढी लहान होईल. तिला दूध कमी, बाजारात भाव कमी. म्हणून संकरातून आलेली जनावरं पुन्हा पुन्हा दख्खनीशी आणि इथल्या मोठ्या अंगाच्या मेंढ्यांशी जुळवायची, गरोलचा बाकीचा अंश पिढीगणिक निम्मा करत जायचा आणि हे एक जनुक तेवढं हातातून निसटू द्यायचं नाही. पण मेंढ्याकडे ते आहे की नाही ते ओळखायचं कसं? तो तर वीत नाही. पूर्वी त्याच्या लेकी विण्याची वाट पाहण्यात वर्षं जात. बदल नेमका कुठे आहे ते कळल्यावर रक्ताच्या नमुन्यातून डीएनए तपासून कोकराच्या वयातच उत्तर मिळू लागलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं या तपासणीत साथ दिली, ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांनीही दिली. यातून जी मेंढी घडली तिचं नाव 'नारी सुवर्णा'.

आरोग्याच्या दृष्टीनं मला या कामातला कळीचा निर्णय वाटतो तो किती जुळी हवीत याचा. जास्तीत जास्त कोकरं हे ध्येय ठेवलं असतं तर दोन्ही प्रती असलेल्या मेंढ्या पसरवल्या गेल्या असत्या. बुरूला मेरिनोत अशा मेंढ्यांना तिळी-चौळी होत, आणि त्यातली बरीच मरत. मेंढीला सड दोनच. तिसरं कोकरू अर्धपोटी राहतं किंवा चीक न मिळाल्यामुळे पहिल्याच दिवशी थंडावतं. एक प्रत असलेली मेंढी मात्र कधी एक, कधी दोन देते, सरासरी साधारण दीड. दख्खनीच्या अंगाला आणि मेंढपाळाच्या हाताला हे पेलतं. यात एक सोय अशी की दोन्ही प्रतींचा मेंढा साध्या दख्खनी मेंढ्यांना लावला तर त्याच्या सगळ्या लेकी न चुकता एकाच प्रतीच्या निघतात. पण त्या लेकींना पुन्हा तसाच मेंढा लावला की त्यांच्या पोटी निम्म्या माद्या दोन प्रतींच्या येतात. तेव्हा पुढच्या पिढीला मेंढा बदलायचा हे आधीच ठरवावं लागतं.

दीड कोकरूही फुकट येत नाही. गाभणकाळ जवळजवळ पाच महिन्यांचा, आणि पोटातल्या कोकराची बहुतेक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. दोन असतील तर याच दिवसांत पोटात जागा कमी आणि गरज मात्र जास्त. खुराक मिळाला नाही तर मेंढी अंगातली चरबी झपाट्यानं जाळते, रक्तात विषारी द्रव्यं साचतात, ती सुस्त होते, आंधळ्यासारखी भिंतीला धडकते आणि पोटातल्या कोकरांसह जाते. म्हणून जुळ्यांचं जनुक कुणाच्या वाड्यात न्यायचं हा प्रश्न जनुकाइतकाच महत्त्वाचा आहे. घराशेजारी चारा असलेल्या, शेवटच्या महिन्यात रोज मूठ-दोन मूठ धान्य घालू शकणाऱ्या, जुळी वेगळी ठेवून दोघांनाही सड धरायला लावणाऱ्या माणसाला ते लाभतं. दिवाळीनंतर कोकणाकडे निघणाऱ्या, रोज मैलोन्‌मैल चालणाऱ्या वाड्यात व्यालेली मेंढी दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटेला लागते आणि कोकरं घोड्यावर बसवून न्यावी लागतात. तिथे एकच ठणठणीत कोकरू परवडतं. मेंढपाळ हे जाणतो. त्याला नको असेल तर तो मागासलेला आहे असं समजण्याचं कारण नाही.

गरोलकडून आणखी एक देणगी मिळाली. दलदलीत जंतांशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजलेल्या या मेंढीची जंतांना तोंड देण्याची ताकद दांडगी आहे. फलटणच्या अभ्यासात गरोलच्या संकरित कोकरांच्या लेंडीत दख्खनी आणि कर्नाटकातल्या बन्नूर जातीच्या कोकरांपेक्षा कमी अंडी सापडली. म्हणूनच एखाद्या किरकोळ दिसणाऱ्या स्थानिक जातीला 'हिचा काय उपयोग' म्हणून संपू देऊ नये. कोणता गुण कधी लागेल ते आधी सांगता येत नाही.

एकाच जनुकाचा मोह

एका जनुकानं काम भागतं म्हटलं की मोह होतो. ब्रिटनमध्ये स्क्रेपी या मेंदू पोखरणाऱ्या रोगासाठी २००१ मध्ये देशव्यापी योजना सुरू झाली. रोगाला बळी न पडणारा जनुकप्रकार ठाऊक होता, तो असलेले मेंढे वापरायचे आणि घातक प्रकाराचे बाद करायचे. रोग खरोखर ओसरला. पण मुळात संख्येनं कमी असलेल्या जातींत हवा तो प्रकार थोड्याच मेंढ्यांत होता. बाकी सगळे बाद केले तर जातच धोक्यात. शिवाय १९९८ मध्ये नॉर्वेत सापडलेला स्क्रेपीचा वेगळा प्रकार त्या 'सुरक्षित' मेंढ्यांनाही होऊ शकतो. दार बंद केलं ते एकाच रोगाला.

अमेरिकेतल्या सफोक मेंढ्यांत उंच, लांब पायांच्या मेंढ्यांना प्रदर्शनांत बक्षिसं मिळत. १९७० च्या दशकात पाय वाकडे-तिकडे, कणा वळलेला अशी कोकरं जन्मू लागली. सदोष जनुकाची एकच प्रत असलेला मेंढा उंच, देखणा दिसतो, आणि परीक्षक नकळत त्यालाच निवडत होते. असे दोन एकत्र आले की त्यांच्या कोकरांपैकी साधारण चौथं कोकरू अपंग. आता डीएनए चाचणीनं हे टाळता येतं.

जतच्या माडग्याळ मेंढ्याला नाकाच्या बाकावर लाखांत भाव मिळतो. जात देखणी आहे, वाढही चांगली. पण एवढे पैसे मोजताना बोट घालून एकदा तोंड तपासावं. मेंढराला वरचे पुढचे दात नसतात, तिथे टणक हिरडी असते, आणि खालचे दात त्या हिरडीवर बरोबर टेकायला हवेत. जबडा आखूड असला तर ते मागे पडतात, गवत नीट तुटत नाही, आणि हा दोष रक्तातून पुढे जातो. वृषण दोन्ही सारखे, घट्ट, बिनगाठीचे आहेत का, खुरं सरळ वाढलीत का, त्याच्या आईची कास कशी आहे, तिला कधी जंतानं धरलं होतं का, हेही विचारावं.

वाड्यात काय करता येईल?

सगळ्यात आधी मेंढा घरचा नको. आपल्याच खांडातला चांगला दिसणारा नर वर्षानुवर्षं ठेवला की बाप-लेकीचा संबंध येतो, लपलेले दोष वर येतात, कोकरं किरकोळ निघतात आणि दगावतात. दोन-अडीच वर्षांनी मेंढा बदलावा. विकत घेणं जड असेल तर ओळखीच्या दोन वाड्यांनी अदलाबदल करावी, फक्त नवीन मेंढा पंधरा-वीस दिवस वेगळा ठेवून मगच खांडात सोडावा. पुण्याचं मेंढी व शेळी विकास महामंडळ, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा दख्खनी मेंढ्यांचा प्रकल्प आणि फलटणची संस्था, इथे नोंदी असलेल्या मेंढ्यांची चौकशी करता येते.

दुसरं म्हणजे ओळख. कानात बिल्ला नसेल तर नोंद होत नाही. मेंढपाळाला शंभर मेंढ्या चेहऱ्यानं पाठ असतात, हे खरंच आहे. पण तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात कुणाला औषध पाजलं होतं ते आठवत नाही. बिल्ल्याचा आकडा, बाप कोण, किती कोकरं झाली, तीन महिन्यांनी किती उरली, कुणाला औषध लागलं, कुणाच्या खुरांना खुरी झाली, एवढं साध्या वहीत पुरतं. शिकणारी मुलं घरात असतात, ती मोबाइलमध्येही लिहून ठेवतात.

कोकरू जगण्याची अनुवंशिकता कमी असते हे वर आलंच आहे. म्हणजे या बाबतीत मेंढ्यावर विसंबून चालणार नाही, निवड आईची करावी लागते. विल्यावर उठून लगेच कोकरू चाटते का, माणूस जवळ गेला तरी त्याला सोडून पळत नाही का, दोन झाली तर दोघांनाही घेते का, हे पहिल्या दोन वेतांत कळतं. दोन वेळा कोकरू टाकून गेलेली मेंढी तिसऱ्यांदा ठेवू नये, आणि तिची मादी कोकरंही पैदाशीला ठेवू नयेत. बाजारात न्यायची मेंढरं निवडताना आपण बहुधा जी चरबीनं भरली तिला आधी विकतो, कारण तिचे पैसे चांगले येतात. खंगलेली, सारखी औषध मागणारी मागे राहते, आणि पुढची कोकरं तिच्याच पोटी येतात. वर्षाला दोन-चार मेंढ्यांबाबत जरी हा क्रम उलटा केला, म्हणजे आजारी पडणारी आधी काढली आणि धडधाकट ठेवली, तरी पाच वर्षांनी वहीतल्या औषधाच्या रकान्यात फरक दिसू लागतो.